विमानाच्या पत्र्याचं कडं

बुलढाण्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी माझा उजवा हात उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "आजी, हा सेल्युलायटिस आहे." म्हणजे कातडीखालच्या मांसात जंतू शिरून पसरणं. मग त्यांनी बोटांची नखं दाबून पाहिली. मनगटातलं कडं मांसात रुतलं होतं. "हे कापावं लागेल. बोटांत रक्त जात नाही. उशीर झाला तर बोटं जातील."

मी नाही म्हणाले.

सुरुवात बोरीच्या काट्यानं झाली. कुंपण लावताना तो तळहातात मोडला. साखरखेर्ड्याला आमच्या घरी अशा वेळी हळद-चुना गरम करून लावतात आणि वरून फडकं आवळतात. तसंच केलं. फडक्याखाली काय चाललंय ते कोणाला दिसलं नाही. ताप चढला तेव्हा सोडलं, तर हात कोपरापर्यंत सुजलेला. मेहकरच्या डॉक्टरांनी बघताक्षणी पुढं पाठवलं. वाटेत सून शोभानं साबण लावला, तेल लावलं, कडं ओढून पाहिलं. निघालं नाही.

कडं सरूमावशीचं, माझ्या आईच्या धाकट्या बहिणीचं. मोठ्या लढाईत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, ती सैन्याची नर्स होती. बोटीनं इराकला गेली, बसऱ्याच्या लष्करी दवाखान्यात. तिथं एका जखमी शिपायानं पडलेल्या विमानाचा पत्रा घासून हे कडं केलं आणि तिला दिलं. माझ्या लग्नात तिनं ते मला घातलं. पुढं माझा नवरा वारला. बायकांनी बांगड्या फोडल्या आणि हेही काढायला लागल्या. मावशीनं त्यांचे हात झटकले. "हे नवऱ्याच्या नावाचं नाही. हे माह्या नोकरीचं हाय. राहू द्या." तेव्हापासून मी ते कधी काढलं नव्हतं.

"कापू द्या ना आई," शोभा म्हणाली. "हात जाईन."

"हात माहा हाय."

"हाव, तुमचाच हाय. पण मंग तुमची वेणी-फणी मलेच करा लागीन ना!"

मी भिंतीकडे तोंड केलं. सलाईन चालू होतं. बोटं जांभळी पडली होती.

मावशी लढाईचं फार बोलायची नाही. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची. बसऱ्याला एका शिपायाच्या दंडात गंडा होता, गावच्या बाबानं बांधलेला. हात सुजला तरी तो गंडा कापू देईना. मावशी त्याला समजावत राहिली. तो तयार झाला तोवर डॉक्टरांना हातच कापावा लागला. एवढं सांगून ती म्हणायची, "मी त्याले विचारतच बसली."

लहानपणी मी त्या शिपायाला मूर्ख म्हणायचे. आता त्याच्यासारखीच मी खाटेवर पडले होते.

डॉक्टरीणबाई परत आल्या. "काप बाई," मी म्हणाले. "आता मले पुन्हा विचारू नको."

अंगठी कापायचं हत्यार छोटं पडलं. तारा तोडायच्या पकडीनं कडं तोडलं. त्यानंतर ड्रेनेज केलं, म्हणजे चिरा देऊन पू काढला. शिरेतून अँटिबायोटिक, म्हणजे जंतू मारायचं औषध, दिलं. बोटं वाचली. करंगळी पुरती वळत नाही आणि भाकरी एका अंगाला जाड होते. खाणारे खातात.

कडं जोडायला सोनाराकडे नेलं. या धातूला आपला टाका बसत नाही म्हणाला. आता ते डब्यात आहे. मावशीला त्यासाठी फार वाईट वाटलं असतं असं मला वाटत नाही.

हे वाचणाऱ्यांना सांगते, हात सुजायला लागला की अंगठी, बांगडी, दोरा, जे असेल ते आधी काढा. लेप लावून फडकं बांधू नका. डॉक्टरांना दाखवा.

सुटी झाली त्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "मी नाहीच म्हटलं असतं तं?"

त्या कागद लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आजी, तुम्हाला पहिल्यांदा विचारलं ना, त्याच्या आधीच मी पकड आणायला माणूस पाठवला होता."

शहाणी पोरगी.