आप्पांच्या छापखान्यातला फरार फॉन्ट

छापखान्यात रद्दी आणि किस्से दोन्ही न मागता साठतात. रद्दीवाला तरी येतो, किस्से कोणी नेत नाही! आप्पांच्या पनवेलच्या छापखान्यात तर ते जरा जास्तच, कारण तिथल्या सगळ्या म्हाताऱ्यांना सगळंच कळायचं. मी बी.एस्सी. अर्धवट सोडून कॉम्प्युटरवर बसलो होतो. म्हणजे काही न कळणारा मी एकटाच.

*

जुना ऑपरेटर आप्पांशी भांडून गेला आणि जाताना स्वतःचा मराठी फॉन्टही घेऊन गेला. विचुंब्याच्या कबड्डी मंडळाची अख्खी स्मरणिका त्याने त्याच फॉन्टमध्ये टाइप केलेली. आमच्या नव्या फॉन्टमध्ये उघडली तर पानभर कचरा!

आप्पांचं निदान तयार, "व्हायरस." लगेच चपला बाहेर, कोपऱ्यात कापूर. धुराने मी शिंकलो, तर ओरडले, "लांब हो! तुझ्यामुळेच लागलाय त्याला!"

*

मी समजावलं, "आप्पा, एसटी स्टँडवर फलाटांचे नंबर बदलले तर काय होईल? अलिबागची म्हणून चढाल आणि कर्जतला उतराल. इथे तेच झालंय. जुन्या फॉन्टमध्ये ज्या नंबरवर 'क' होता, तिथे नव्यात 'ढ' उभा आहे. फॉन्टमधले नंबर बदलले की जुना मजकूर नीट दिसेल."

आप्पा म्हणाले, "मी नंबर बघतच नाही. कंडक्टरला विचारतो!"

*

मंडळाचे घरतकाका प्रूफ बघायला आले. सरपंचांच्या भाषणाचं पान आडवं धरलं, उभं धरलं. मी म्हटलं, "काका, थोडा गोंधळ आहे."

"ऱ्हाऊ दे तसंच," घरतकाका म्हणाले. "ते बोलतान तवा बी आमाला इतकंच समजतंय!"

*

आता माझे बाबा. रिटायर्ड मास्तर, आप्पांचे मित्र आणि छापखान्याचे प्रूफरीडर. जन्मभर लाल पेनाने लोकांच्या चुका काढल्या. 'बरोबर' हा शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकलेला नाही. सगळ्यांदेखत मला म्हणाले, "कॉलेज झेपलं नाही, आणि हे फॉन्ट दुरुस्त करणार! शनिवारी स्मरणिका छपाईला गेली नाही, तर सोमवारपासून मामाच्या कारखान्यात पॅकिंगला जायचं."

मामा इतका हौशी, की त्याने माझ्या मापाची कारखान्याची टोपीसुद्धा पाठवून दिली!

*

एका मित्राने फ्लॉपीवर छोटा प्रोग्राम दिला. चित्रं नाहीत, माउस नाही. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. कोणतं अक्षर कोणत्या नंबरवर न्यायचं ते लिहून द्यायचं, एका ओळीचा हुकूम टाइप करायचा, की तो नंबर बदललेला फॉन्ट बनवून देतो. त्याच फॉन्टमध्ये छापलेला मंडळाचा गेल्या वर्षीचा अंक शेजारी ठेवून मी एकेक अक्षर जुळवायला बसलो.

आप्पांना काळ्या पडद्याची लाज! "गिऱ्हाइकाला वाटेल दिवाळं निघालं," म्हणत त्यांनी मॉनिटरवर टॉवेल टाकला. मी टॉवेलमध्ये डोकं घालून काम चालू ठेवलं. तेवढ्यात लग्नपत्रिकेवाला एकजण आला. मला बघितलं, खिशातून कंगवा काढला, भांग पाडला आणि ताठ उभा राहिला. "हां, काढा!"

*

पहिला हुकूम दिला, तर पडद्यावर इंग्रजीत चार ओळी आल्या. आप्पा खूश, "बघ, शिव्या देतोय!" मी चूक शोधली, पुन्हा हुकूम दिला. या वेळी काहीच आलं नाही. नुसता कर्सर लुकलुकत राहिला.

"काय झालं? मेला का?"

"काम झालं, आप्पा."

"मग तसं बोलला का नाही?"

"झालं की तो बोलत नाही. चुकलं तरच बोलतो."

आप्पांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "म्हणजे थेट तुझ्या बापासारखा!"

*

शनिवारी बाबा आले. घरतकाका आधीच येऊन बसलेले. मी नव्या फॉन्टमधली सगळी पानं बाबांपुढे ठेवली आणि हाताची घडी घालून समोर उभा राहिलो. बसलो नाही.

बाबांनी लाल पेनाचं टोपण काढलं. पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. सरपंचांचं भाषणसुद्धा शेवटपर्यंत वाचलं. ते आजवर कोणी केलं नव्हतं! शेवटचं पान उलटलं, परत पहिल्यावर आले. मग पेनाला टोपण लावलं, खिशात अडकवलं, कोपऱ्यातली छत्री घेतली आणि जिना उतरून गेले.

घरतकाका घाबरले. "मास्तर काय बोललं नाय! आता रं?"

आप्पांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "मशीन चालू करा!"