अग्नी कुणी दिला?

आई हा प्रश्न कधीही विचारायची. मी ऑफिसच्या कॉलवर असताना, दुधाला उकळी येत असताना, एकदा तर भर ट्रामच्या गर्दीत. "ह्यांना अग्नी कुणी दिला गं?" आवाजात ना राग, ना रड. भाजी काय करायची असं विचारावं, तसं. सुरुवातीला मी समजावून सांगायचे. नंतर नंतर चिडायला लागले. मी तशी तापटच आहे, बाबांवर गेलेय.

बाबा आमच्या न्युरेम्बर्गच्या घरातच गेले. उन्हाळ्यात दोघं राहायला आले होते. एके सकाळी दाढी करताना बाबा कोसळले आणि अँब्युलन्स येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. पुढचं सगळं जर्मन शिस्तीत झालं. एक स्वच्छ हॉल, मेणबत्त्या, स्पीकरवर हळू वाजणारं संगीत, काळ्या हातमोज्यांचा एक अदबशीर माणूस आणि मधोमध बंद पेटी. आम्ही फुलं वाहिली, मला येत होतं तेवढं मी म्हटलं, आणि त्या माणसानं हात पुढे करून आम्हाला दार दाखवलं. पेटी तिथंच राहिली. दहनाची भट्टी दुसऱ्या गावात होती, तिथं नंबर लागेल तेव्हा नेणार होते. कुठल्या दिवशी नेलं, ते आम्हाला नंतर कळलं. आईनं तो दिवस आठवून आठवून काढला. त्या दिवशी ती गवार निवडत बसली होती. त्यानंतर आमच्या घरात गवार आली नाही.

मी एकुलती एक. अग्नी मीच देणार होते, नातेवाइकांपैकी कुणी हूं की चूं केलं नाही. पण द्यायचा कुठं आणि कशाला? तिकडे कुणीतरी एक बटण दाबलं असेल. तो माणूस कोण, हे मला आजही ठाऊक नाही. अस्थी आम्ही नाशिकला नेल्या, गुरुजींनी सांगितलं ते सगळं केलं. काका म्हणाले, मंत्रोक्त झालं ना, मग झालं. आईनं मान डोलावली. पण ती रडली नाही. भेटायला येणाऱ्या बायका हिच्या गळ्यात पडून हुंदके द्यायच्या आणि ही त्यांना विचारायची, "चहा घेणार ना?"

पुण्यात तिला एकटं कसं ठेवायचं, म्हणून हिवाळ्यात परत आमच्याकडे आणलं. तर तिचं खाणं कमी कमी होत दोन घासांवर आलं. ब्लाउज अंगावर लोंबायला लागले. डॉक्टरनं सगळ्या तपासण्या केल्या, रिपोर्ट सगळे नॉर्मल. मला रात्रंदिवस एकच धास्ती होती, ही बाबांच्या मागोमाग जाणार. आणि मी काय करत होते? जेव म्हणून तिच्या अंगावर ओरडत होते.

माझ्या टीममध्ये एक जण फ्योरचा आहे. फ्योर म्हणजे पार वर उत्तर समुद्रातलं एक बेट. तो म्हणाला, फेब्रुवारीत या, आमच्याकडे सण असतो, आईची वरची खोली रिकामीच आहे. नवरा लगेच म्हणाला, "जाऊया, आईंना हवापालट होईल." डोंबलाचा हवापालट! फेब्रुवारीत, उत्तर समुद्रावर! मी म्हटलं, "तिला न्यूमोनिया करायचाय का तुला?" पण घरात बसून तरी काय होत होतं? गेलो. दिवसभर ट्रेन, शेवटी बोट. बोटीच्या खिडकीतून नुसता चिखल आणि करडं पाणी दिसत होतं. आई शाल लपेटून बसली होती. म्हणाली, "अजून किती लांब नेणार आहात मला?" मला एकदम भरून आलं, आणि भरून आलं की मी ओरडते, तशी ओरडले.

घरमालकीण, म्हणजे सहकाऱ्याची आई, पंचाहत्तरीची, ताडमाड उंच, पायात रबरी बूट. पहिल्याच सकाळी मी खिडकीतून तिची गंमत बघत बसले. पाववाला आला, त्याच्याशी ती एक भाषा बोलली. शेजारीण आली, तिच्याशी दुसरी. नात शाळेत जाता जाता डोकावली, तिच्याशी तिसरी. आणि आमच्याशी जर्मन. मी विचारलं तर म्हणाली, पाववाल्याशी प्लाट, ती सगळ्या किनाऱ्याची बोली. नात डॅनिश शाळेत जाते, तिच्याशी डॅनिश, कारण बेटाची पश्चिमेकडची बाजू पूर्वी डेन्मार्कच्या राजाकडे होती. आणि शेजारणीशी फेरिंग, म्हणजे फ्रिशियन भाषेची या बेटावरची बोली. "ती भाषा जगात फक्त आमचीच," असं म्हणून तिनं कढई घासायला घेतली. मी ते आईला सांगितलं. आई म्हणाली, "मग हिला बोलायला माणसं आहेत म्हणायची." मला वाटलं, हा टोमणा मला आहे. असेलही.

दुपारी बाई आम्हाला चर्चच्या आवारात घेऊन गेली. तिथं जुन्या कप्तानांचे दगड उभे आहेत, पुरुषभर उंच, आणि त्यांवर प्रत्येकाची अख्खी कहाणी कोरलेली. कुठं जन्मला, किती वेळा उत्तरेला देवमाशांच्या शिकारीला गेला, कुणाशी लग्न केलं, मुलं किती झाली. मुलांची फुलं कोरलेली, जी आधी गेली त्यांची देठं मोडलेली. नवरा आईला एकेक वाचून दाखवत होता. आईचं लक्ष मात्र बाईकडे होतं. बाई तिच्या नवऱ्याच्या थडग्यापाशी वाकून छोट्या दाताळ्यानं माती सारखी करत होती आणि फेरिंगमध्ये काहीतरी सांगत होती. बहुधा पाववाल्याची तक्रार असावी, कारण सूर सकाळी त्याच्याशी बोलतानाचाच होता.

"हिला निदान झाडायला जागा आहे," आई म्हणाली.

मी फटकन बोलून गेले, "मग काय आता नाशिकला जाऊन नदी झाडणार आहेस का?" बोलल्यावर जीभ चावली. थडग्यावरचं एक वाळकं पान आईनं उचललं आणि बाईच्या बादलीत टाकलं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात बाईनं आमच्यासाठी कोको केला. वर साईचा ढीग. आमच्या दोघांच्या कपात तिनं रम ओतली, आईच्या कपात नाही. या पेयाला इथं 'मेलेली मावशी' म्हणतात, ती म्हणाली आणि खो खो हसायला लागली. म्हणे बेटावरची एक बाई अमेरिकेत गेली होती, इथल्या अर्ध्या घरांतली माणसं तिकडे गेली तशी. ती तिकडेच वारली. शेवटची इच्छा काय, तर मला माझ्या बेटावर पुरा. नातेवाईक चिकट. त्यांनी तिचा अस्थिकलश कोकोच्या पेटीत घालून बोटीनं पाठवून दिला, मालाच्या भाड्यात.

नवरा हसता हसता थांबला. मी कपात बघायला लागले. आई म्हणाली, "काय म्हणाली गं ती?"

"काही नाही, कोकोची रेसिपी सांगतेय."

"रेसिपीला माणसं असं पोट धरून हसतात होय? मला काय कुक्कुलं बाळ समजलीस?"

मग सांगितलं सगळं. बाबाही आमच्या केबिन बॅगेतूनच नाशिकला गेले होते, ती बॅग आईनं विमानात मांडीवर धरून ठेवलेली मी पाहिली होती. आई ऐकत राहिली. कप खाली ठेवला. "ती मावशी तरी घरी पोचली," ती म्हणाली. मग म्हणाली, "आणि ह्यांच्या वेळी तिकडे कुणी बघितलं असेल का गं, पेटी आत सरकवताना? एक तरी माणूस उभा असेल ना?"

मी म्हटलं, असेल. मला काय माहीत! पण मी म्हटलं, असेल.

दुसऱ्या दिवशी सण. बीके म्हणतात त्याला. गावाबाहेर, बांधाच्या पलीकडे किनाऱ्यावर झाडांच्या फांद्या, ख्रिसमसची वाळलेली झाडं, बोरूच्या पेंढ्या यांचा घराएवढा उंच ढीग रचलेला. आईनं खिडकीतूनच विचारलं होतं, "यांच्याकडे होळी आहे का?" अंधार पडता पडता सगळा गाव मशाली घेऊन निघाला. आम्हीही निघालो. आईला दोन स्वेटर, माझा जाड कोट, नवऱ्याची टोपी. कुणीतरी फेरिंगमध्ये भाषण केलं, म्हातारेकोतारे मान हलवत होते, पोरं एकमेकांना ढकलत होती. बाई माझ्या कानाशी येऊन जर्मनमध्ये सांगत होती. पूर्वी देवमाशांच्या शिकारीला जाणारे पुरुष याच दिवसांत बोटीनं निघायचे. परत येतील की नाही, याचा भरवसा नसायचा. बायका किनाऱ्यावर जाळ करायच्या, म्हणजे लांब जाईपर्यंत त्यांना दिसेल. "अभ्यासक म्हणतात हे खरं नाही," ती म्हणाली, "पण माझ्या आजीनं मला हेच सांगितलंय."

मी ते आईला मराठीत सांगितलं. सांगता सांगता मशाली ढिगात खुपसल्या गेल्या आणि बोरू भडाभडा पेटला. धग इतकी की पुढची माणसं मागे सरली.

आई पुढे सरली.

"म्हणजे हा निरोपाचा जाळ आहे," ती म्हणाली. मला वाटलं, चांगलं बघता यावं म्हणून जातेय. अग्निशमनवाल्या एका पोरानं हात आडवा केला, तिनं तो शांतपणे बाजूला केला आणि जाळाभोवती चालायला लागली. डावीकडून, उलटी. स्मशानात चितेभोवती तसंच फिरतात. मी धावत तिच्या मागे गेले. "आई, काय करतेस? हा त्यांचा सण आहे."

"तू माझ्या पुढे चाल," ती म्हणाली. "तू त्यांची मुलगी आहेस."

लोकांच्या मधून, चिखलातून, उरलेल्या मशालींच्या खालून मी आईच्या पुढे चालत राहिले. लोक वाट देत होते. कुणी हसत होतं, कुणाला वाटत असेल, म्हातारीला थंडी वाजतेय. नवरा आणि बाई दोघंही तिथंच उभी होती, आणि बाईनं त्याचा दंड धरून ठेवला होता. फेऱ्या झाल्यावर आई थांबली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"आता बोंब मार," ती म्हणाली.

होळीला पोरं मारतात तीच ती, उलट्या हातानं तोंडावर. आणि अग्नी दिल्यावर, मडकं फोडल्यावर मारतात तीही हीच. मला सगळं कळलं. "आई, लोक आहेत गं."

"तेव्हाही लोकच होते. सगळे गप्प. तू पण गप्प. ते गेले आणि कुणी एक हाकसुद्धा मारली नाही. मार."

मी हात तोंडापाशी नेला. आवाज निघेना. मी, अख्ख्या ऑफिसात जिचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो ती मी, नुसती हवा काढत होते. आई माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या बघण्यात राग नव्हता. पहिल्यांदाच मला दिसलं, की ती भ्यायली आहे. मी नाही म्हटलं, तर हा जाळ विझेल आणि मग पुन्हा कधीच नाही, ही भीती. मग जे निघालं ते माझ्यातून निघालं, असं मी म्हणणार नाही. बाबा, असं ओरडायचं होतं. निघाली ती बोंब. लांबलचक, घशातून फाटत गेलेली. एकदा, पुन्हा, पुन्हा. जवळची माणसं एकदम गप्प झाली. एक लहान पोर रडायला लागलं.

आईनं माझं मनगट घट्ट धरलं. "झालं," म्हणाली. "चल. आता मागे बघायचं नाही."

आम्ही बांधावर चढलो आणि गावाच्या रस्त्याला लागलो. अर्ध्या वाटेवर आईच्या तोंडून आवाज आला, आधी मला खोकलाच वाटला. मग ती रडायला लागली. मोठ्यानं, गळा काढून, गावाकडच्या बायका रडतात तशी, नाव घेऊन. त्यांच्या लग्नाला एवढी वर्षं झाली होती, पण तिच्या तोंडून बाबांचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. ती ते नाव घेऊन ओरडत होती, आणि तरीही चालायची थांबत नव्हती. मागून नवरा हाका मारत होता, बहुतेक टॉर्च घेऊन येत होता. पाठीवर जाळाची ऊब अजून लागत होती. किती उंच गेला असेल जाळ, ते बघावंसं मला फार वाटत होतं. मी बघितलं नाही.