जैतुनाला बर्फ

ठाण्याला येण्याआधी आम्ही उत्तरेकडच्या एका डोंगरी गावात राहत होतो. वडिलांची सरकारी नोकरी तिथे होती. थंडीत सकाळी गवतावरचं दहिवर गोठून पांढरं झालेलं असे. अंगणातल्या जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, झाडांना आम्ही मुलं संध्याकाळी गोणपाट गुंडाळायचो, बुंध्याशी सुका पाला रचायचो. एवढं करून एखादी फांदी काळी पडायचीच. थंडी ही त्या झाडाची वैरीण, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

वडिलांची बदली झाली तेव्हा तिथल्या सरकारी बागेवरच्या त्यांच्या मित्राने एक रोप डब्यात घालून दिलं. ठाण्याच्या घरामागे ते हां हां म्हणता वाढलं. फूल मात्र एक नाही.

मी मॅट्रिक झाले आणि मुंबईला कॉलेजात जायचा हट्ट धरला. वडील हसून म्हणाले, "जैतुनाला फळ धरू दे, मग घालतो तुला कॉलेजात." मला वाटलं, वर्षभराचा तर प्रश्न. आनंदच झाला मला, वेडीला!

तलावपाळीवर शाळेतल्या शास्त्राच्या बाई भेटल्या. त्या म्हणाल्या, "अगं, अशा झाडांना थंडी लागल्याशिवाय मोहोर येत नाही." मग मी कोलशेतहून येणाऱ्या आमच्या कोळणीला गाठलं आणि मासळीवरचा उरलेला बर्फ मागितला.

"अगो, झाराला बरफ? तं काय पापलेट हाय?" ती खो खो हसली, पण आणू लागली. मीठ बाधू नये म्हणून मी तो धुऊन बुंध्याशी रचायची आणि वर गोणपाट घालायची. गल्लीतली झाडून सगळी मांजरं भोवती येऊन बसायची. वडील ओट्यावरून विचारायचे, "काय, आला का मोहोर?" असे दोन हिवाळे गेले.

मग ते बागेवाले मित्र आमच्याकडे पाहुणे आले. माझा खटाटोप बघून वडिलांना म्हणाले, "अरे, रोप देतानाच सांगितलं होतं ना, खाली गरम हवेत याला फळ धरायचं नाही म्हणून? पोरीला बोलला नाहीस?"

वडील सुपारी कातरत म्हणाले, "असू दे रे. स्थळ जमेपर्यंत तिचा वेळ जातो."

मी दारात चहा घेऊन उभी होते. अंगाचा नुसता तिळपापड झाला. सरळ नाही म्हणाले असते, तर मी रडले असते, भांडले असते, उपाशी राहिले असते. त्यांनी मला भांडायलाही जागा ठेवली नाही. माझ्याच बापाने मला बनवलं होतं.

पुढे बघायला मंडळी आली. मी पोहे देऊन बसले, तर वडील कौतुकाने सांगू लागले, "हिला बागकामाची भारी हौस."

मी मान वर केली. "हौस नाही," मी म्हणाले, "मला कॉलेजात जायचं होतं."

मंडळी गेली, ती परत आली नाहीत. आई रडली. वडील म्हणाले, "विश्वासाने बसवलं होतं तुला चारचौघांत. दगा दिलास."

मला हसूच फुटलं. कॉलेजाचं नाव मात्र घरात पुन्हा निघालं नाही.