पितृपंधरवड्यात लागलेली ठोकर

आमच्या घरी मोटार होती असं आता सांगितलं तर नातवंडं हसतात. हसा बापडे. बारामतीत तेव्हा मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यातली एक आमच्या दारात चिंचेखाली उभी असायची. रंग हिरवा, वरचं कापडी छत दुमडता यायचं, आणि भोंगा असा की तो वाजला की गल्लीतली कुत्री आधी पळायची आणि मग लांब जाऊन भुंकायची. गाडी थोरल्या दिरांच्या, म्हणजे भावजींच्या नावावर. चालवायचे आमचे हे. लग्नाची वऱ्हाडं, कोर्टाच्या तारखेला इंदापूरला जाणारे लोक, भिगवणच्या स्टेशनावर सोडायचे पाव्हणे, असं काही ना काही भाडं चालू असायचं.

यांचा त्या गाडीवर इतका जीव, की मी नवी नवरी असताना मला तिचा सवतीसारखा राग यायचा. सकाळी चहाच्या आधी तिला पुसणार. तो हिरवा रंगसुद्धा यांनीच पुण्याला जाऊन पसंत केलेला. घरात हा माणूस मुका. भाजीत मीठ नसलं तरी बोलायचा नाही. पण स्टेअरिंग हातात आलं की शीळ घालायला लागायचा. ती शीळ ऐकली आणि माझा राग गेला तो गेलाच.

भावजींनी गाडीचा विमा उतरवला होता. आमच्या पेठेत जिवाचा विमासुद्धा कुणी काढत नव्हतं, तर मोटारीचा कुठला! त्यामुळं त्यांना त्याचा कोण अभिमान. येईल त्या पाव्हण्याला पानसुपारीबरोबर विम्याची गोष्ट ठरलेली.

आणि एका भाद्रपदात गाडी ठोकर खाऊन आली. पुढचं मडगार्ड चेपलेलं, बाजूचा रंग खरवडलेला, एका बत्तीची काच गेलेली. यांनी खाली मान घालून सांगितलं, पिंपळीजवळ बैलगाडीला बाजू देताना अंदाज चुकला. बैलगाडी नेमकी शेळगावची, म्हणजे माझ्या माहेरची, गावच्या नात्यानं मला चुलते लागणाऱ्या तात्यांची. तात्या भाजीची गाडी घेऊन बाजाराला निघाले होते. त्यांना आणि बैलांना साधं खरचटलंही नव्हतं, तेवढं देवानं राखलं.

भावजी आधी चिडले, मग त्यांना विमा आठवला आणि चेहरा खुलला. पण पितृपंधरवडा चालू होता. पितरांच्या दिवसांत नवा कागद करायचा नाही, हा आमच्या घरचा नेम. कंपनीला कळवायचं ते पंधरवडा संपल्यावर, असं ठरलं. पंधरवडा संपला तर घट बसले. भावजींचे नऊ दिवस उपास, पायांत वहाण नाही, पोस्टात कोण जाणार? आणि मग आली खंडेनवमी. त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं, अवजारं पूजेला मांडायची, आणि मोटार तर त्यांत पहिल्या मानाची. भंगलेली वस्तू पूजेला चालत नाही. झालं! लोहाराला बोलावून मडगार्ड ठोकून सरळ केलं, नवी काच बसवली, वर रंगाचा हात फिरवला, झेंडूच्या माळा घातल्या. गाडी अशी सजली की तिला कधी ठोकर लागली होती हे तिचं तिलाही आठवलं नसतं. आणि दसरा उलटल्यावर भावजींनी कंपनीला कळवलं, की आमची मोटार फुटली आहे!

आता हसू येतं. तेव्हा हसू नव्हतं, कारण भावजींनी यांना बजावून ठेवलं होतं, की विमा मिळाला नाही तर स्टेअरिंगवर दुसरा ड्रायव्हर बसेल आणि तू आपल्या गुऱ्हाळावर. उशीर केला कुणी, आणि शिक्षा कुणाला! मला सांगा, हा कुठला न्याय? पण थोरल्या दिरांपुढं पदर डोक्यावर घेऊन उभं राहायचे दिवस ते. मी चुलीपाशी भांडी आपटण्यापलीकडं काय करणार?  यांची शीळ बंद झाली. रात्री जेवताना हे भाकरी नुसती कुस्करत बसायचे.

दिवाळीच्या तोंडावर पुण्याहून कंपनीचे साहेब आले. साहेब म्हणजे आपलेच, धोतर-कोट-काळी टोपी. त्यांनी गाडीभोवती चक्कर मारली, मडगार्डावरून बोट फिरवलं आणि विचारलं, पाहायचं ते काय? भावजींनी पितृपंधरवड्यापासून सगळं सांगितलं. साहेब रागावले नाहीत. उलट वाईट वाटल्यासारखे म्हणाले, "मीही त्याच दिवसांत वडिलांचं श्राद्ध केलं हो. पण कंपनीला पितर नसतात."

तरी माणूस भला. ठोकर लागली होती एवढं तरी मला दिसू द्या, म्हणाले. तेव्हा यांनी हळूच सांगितलं, की तात्यांच्या बैलगाडीला आमचा रंग लागला होता, पुसला नसला तर असेल. मला दिवाळीला माहेरी सोडायचंच होतं. मग काय, पुढं हे आणि साहेब, मागं एका कडेला भावजी, दुसऱ्या कडेला पदर ओढून मी, मध्ये माझी फराळाची पाटी, अशी आमची वरात शेळगावला निघाली. कालव्याच्या पाण्यावरच्या उसाचा वास, रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळी, आणि चाकामागं उठणारी पांढरी धूळ. त्या रस्त्यावरून पुढं कितीदा गेले, पण तो दिवस अजून डोळ्यांपुढं आहे. हे गाडी इतकी जपून चालवत होते, की मला वाटलं, ही यांची शेवटचीच खेप आहे आणि यांना ते ठाऊक आहे.

तात्यांची गाडी गोठ्यापुढं सोडलेली होती. बाजूच्या फळीवर हातभर लांब हिरवा पट्टा, जसाच्या तसा. तात्यांनी तो मुद्दाम राखला होता. मोटारीची ठोकर खाल्लेली गाडी पंचक्रोशीत दुसरी कुणाची होती? बाजारात चार माणसं थांबवून ते पट्टा दाखवायचे. साहेबांना तर त्यांनी हाताला धरून नेलं.

साहेबांनी विचारलं, मोटारवाल्यानं गाडी कशी अंगावर घातली ते सांगा. तात्या यांच्याकडं बघायला लागले. हे जमिनीकडं. तात्यांनी मुंडासं काढून हातात घेतलं.

"अंगावर कुठली घालतोय? मोटार कडंला हुबी हुती. आमचं जावई-पावनं मोटारीसाठी कालव्यावर पानी आणाया गेलं हुतं. मी गाडीत झोपलो हुतो, बैलं आपल्या मनानं चालली हुती. त्यांनीच नेऊन घासली."

 भावजींनी यांना विचारलं, "मग घरी खोटं का सांगितलंस?"

"सासरवाडीचं माणूस," हे म्हणाले. "झोपलं हुतं असं चारचौघांत कसं सांगायचं, दादा?"

मला तिथंच रडू आलं. पदर होता म्हणून बरं.

साहेबांनी सगळं लिहून घेतलं, आईच्या हातचं जेवले आणि पुण्याला गेले. तुळशीची लग्नं लागली त्या सुमाराला कंपनीचं उत्तर आलं. कळवायला उशीर झाला, सबब विमा मिळणार नाही. भावजींनी ते वाचून घडी घातली. हे दारातच उभे होते, गुऱ्हाळाकडं जायच्या तयारीनं. भावजी त्यांच्याकडं न बघता म्हणाले, "उद्या इंदापूरचं वऱ्हाड हाय. गाडी धुऊन ठेव."

दुसऱ्या दिवशी पहाटे गल्लीच्या टोकापर्यंत मला शीळ ऐकू येत होती.

पुढं लढाई आली, पेट्रोल मिळेना, मोटार विकली. कुठं गेली कोण जाणे. हेही गेले. त्या वर्षी मी माहेरी गेले, तेव्हा तात्यांच्या नातवाचं लग्न होतं आणि बैलगाडीला नवा लाल रंग दिलेला. मी जवळ जाऊन पाहिलं. बाजूच्या फळीवर हातभर जागा सोडून रंग दिला होता, आणि मध्ये तो हिरवा पट्टा. तात्या थकले होते, बाजेवरूनच म्हणाले, "पावन्यांचा हाय त्यो. त्याच्यावर कुंचला फिरवू दिला न्हाय, पोरी."