शनिवारची गोळी

मी शाळा सातवीपर्यंत केली. पुढचं शिकले ते रद्दीतली वर्तमानपत्रं वाचून आणि कंपनीच्या लाइनवर बसून. त्यामुळे इथं मोठ्या गोष्टी नाहीत. माझ्या बीपीची आणि एका पितळी बिल्ल्याची गोष्ट तेवढी आहे.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत मी नाशिकला सातपूरच्या कारखान्यात कामाला होते. राहायचो द्वारका चौकाजवळ, दोन बस बदलून सातच्या पाळीला पोचायचं. भिंतीवर बसतात ती विजेची बटणं आम्ही जोडायचो. एका लाइनला दहा बायका. पहिलीनं पत्री, म्हणजे धातूची बारीक पट्टी, बसवायची, दुसरीनं स्प्रिंग, तिसरीनं स्क्रू, असा ट्रे पुढं सरकत जायचा. मी पाचवी. प्रत्येकीच्या डोक्यावर एक लाल दिवा. तुमच्याकडं माल साचला की सुपरवायझर साहेब त्यांच्या टेबलावरचं बटण दाबून तो दिवा लावायचे. ते ओरडायचे नाहीत हो, कधीच नाही. पण दिवा लागला की सगळ्या शेडला कळायचं, आज कोण मागं पडलंय ते. मला तर घरी भाजी चिरतानासुद्धा डोक्यावर दिवा आहे असं वाटायचं.

आणि तो बिल्ला. साहेबांच्या टेबलामागं खिळ्याला टांगलेला असायचा. लघवीला जायचं तर बिल्ला घेऊन जायचं, आल्यावर परत टांगायचा. दहा बायकांत एकच. तो आणायला सगळ्यांसमोरून चालत जायचं, आणि परत येईपर्यंत आपल्या जागी ट्रे साचून दिवा लागलेला. म्हणून मग आम्ही पाणीच प्यायचो नाही. पाण्याच्या बाटल्या भरून न्यायचो आणि भरलेल्याच घरी आणायचो.

मला बीपी निघालं ते डोकं दुखायचं म्हणून. आमच्या गल्लीतले डॉक्टर वयानं वडिलांसारखे. त्यांनी गोळी लिहून दिली, रोज सकाळी एक, आणि सांगितलं की हिनं लघवीला जास्त होईल, घाबरू नका. पहिल्या दिवशी मी गोळी घेऊन कामावर गेले. दहा वाजेपर्यंत तीनदा बिल्ला आणला आणि तिन्ही वेळा दिवा लागला. तिसऱ्यांदा परत येताना माझे कान तापले होते. मी पर्मनंट होऊन दोनच वर्षं झाली होती. बीपीचं कळलं तर मला लाइनवरून काढतील, ही धास्ती वेगळीच.

मग मी एक शहाणपणा केला. आमची सुट्टी शनिवारी असायची. मी ठरवलं, गोळी शनिवारी घ्यायची. घरात संडास आपलाच, कुणाचा बिल्ला नको. बाकी सहा दिवस पदर खोचून काम. मला खरंच वाटायचं की अगदीच न घेण्यापेक्षा एक दिवस तरी पोटात जातेय ना.

डॉक्टर दर वेळी मोजायचे आणि कपाळाला आठ्या घालायचे. बीपी खाली येईना. त्यांनी गोळी वाढवली. मी ती वाढवलेलीसुद्धा शनिवारीच घेतली, आणि एका शनिवारी देवाजवळची फुलं काढायला उठले ती भिंतीला धरून खालीच बसले. डोळ्यांपुढं काळोख. आमचे हे घाबरले. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या रोज घेता ना? मी हो म्हणाले. ह्यांनी पिशवीतून जुनी पाकिटं काढून टेबलावर ठेवली. महिन्याभराच्या गोळ्यांत चारच भोकं पाडलेली.

डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, तुमच्या घरी महिना चार दिवसांचा असतो का?"

ह्यांना हसू आलं आणि मला रडू. मग दिवा, बिल्ला, बाटली, सगळं बोलून टाकलं. ह्यांनाही ते पहिल्यांदाच कळत होतं. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या आईलाही बीपी होतं, तेव्हा सगळं खापर कामाच्या डोक्यावर नाही फोडता येणार. पण दिवसभर धडधडत बसायचं, पाणी नाही, गोळी नाही, मग ते खाली येईल कसं?" आणि किडनीवर काही परिणाम झालाय का ते बघायला रक्त-लघवी तपासायला लावली.

रिपोर्ट यायला दोन दिवस होते. ते दोन दिवस मला दिव्याची भीती वाटली नाही, एवढं मात्र खरं. किडनी गेली तर साहेब कितीही दिवे लावोत, बसायला मी कुठं असणार होते?

त्या दिवसांत जेवणाच्या सुट्टीत मी लाइनवर शेजारी बसणाऱ्या बाईला सांगितलं. ती देवळा तालुक्याकडची, माझ्याहून मोठी, तोंडानं फटकळ. भाकरी मोडता मोडता म्हणाली, "तू एकलीच हाय का? मला दोन वर्षं झाली, लघवीची लय आग हुते. मी काय बोलली का?" पलीकडची गरोदर होती, तिनं आपली भरलेली बाटली दाखवली. मग एकेकीचं निघत गेलं.

रिपोर्ट आला. किडनी शाबूत. मी तो कागद चारदा दुमडून ब्लाउजात ठेवला आणि तसाच कामावर नेला. आज बोलायचं, असं त्या कागदानंच ठरवलं म्हणा ना.

आम्ही आठजणी साहेबांपुढं उभ्या राहिलो. साहेब तरुण होते, आम्ही काय सांगतोय ते कळल्यावर टेबलावरची फाइल सरळ करत बसले. अर्ज लिहून द्या म्हणाले. अर्ज लिहायचा माझ्यावर आला. आता त्यात लघवी हा शब्द कसा लिहायचा? शेवटी मी लिहिलं, की आम्हा भगिनींना पाणी प्यायची इच्छा आहे. देवळ्याची म्हणाली, त्यांना वाटंल नळ पायजे. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "समजलं, मावशी."

आठवड्यानं खिळ्यावर दुसरा बिल्ला आला. पण खरी गोष्ट वेगळीच झाली. साहेबांनी सांगितलं, बिल्ला घेऊन गेलेल्या बाईचा दिवा ती परत येईपर्यंत लागणार नाही.

डॉक्टरांनी गोळी थोडी बदलून दिली होती. रविवारी, म्हणजे आमच्या सोमवारी, ती घेऊन मी कामाला गेले. अर्धी बाटली पाणी प्याले. नऊला बिल्ला उचलला. हात धुऊन, खिडकीशी दोन श्वास जास्त घेऊन परत आले. माझ्या जागी थोडाच माल साचला होता. बाकीचा देवळ्याचीनं तिचं काम सांभाळून करून टाकला होता. वर बघितलं. दिवा विझलेलाच.

दीडेक महिन्यानं डॉक्टर म्हणाले, आता सुट्टीच्या दिवशी येऊ नका, कामावरून सरळ या, कामाच्या दिवशीचं बीपी बघू. मी बसमधून उतरून तशीच गेले, बोटांना पत्रीचा काळा रंग लागलेला. त्यांनी पट्टा गुंडाळला, हवा सोडली, पुन्हा एकदा गुंडाळला. मला वाटलं, झालं, परत चढलं. पण त्यांची खात्री पटत नव्हती म्हणून त्यांनी दोनदा मोजलं होतं. आकडा लिहिला आणि वही माझ्याकडं फिरवली. मला आकड्यातलं फारसं कळत नव्हतं, पण त्याच्या खाली त्यांनी या वेळी नवीन गोळी लिहिली नव्हती. ते मला लगेच कळलं.

घरी जाताना पाण्याची बाटली उघडली, तर रिकामी होती.