आप्पांची इंग्रजी संथा

गंगेकाठच्या आमच्या दुर्गाघाटाच्या गल्लीत मोटार येत नाही, त्यामुळे परदेशी निघालेल्या माणसालाही आधी पायीच निघावं लागतं. पुढे हमालाच्या डोक्यावर माझी बॅग, मागे मी आणि माझे वडील. आप्पा चालता चालता इंग्रजी क्रियापदांच्या तीन रूपांची उजळणी घेत होते. "गो?" त्यांनी विचारलं आणि स्वतःच अडखळले. "नको, निघताना ते नको. 'कम' म्हण, बिटिया." मी म्हटलं, "कम, केम, कम." दोनदा म्हटलं. कोपऱ्यावरचा पानवाला बघतच राहिला.

घाटावर राहिलेल्यांना हे ठाऊक आहे; माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांसाठी सांगते. आप्पा वेद शिकवतात. इंग्रजीशी त्यांचा संबंध औषधाच्या बाटलीपुरता. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. माझं लग्न झालं, नवरा लीड्सला परत गेला आणि मी इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेत अडकले. ती पास झाल्याशिवाय व्हिसा नाही. परीक्षक बाईंनी "हॅव यू" असं म्हटलं की माझी बोबडी वळायची. नापास होऊन लखनौहून परतले, तेव्हा संसार सुरू होण्याआधीच मोडतो की काय, या भीतीनं मला जेवण जाईना.

"रडून काय होणार? किताब आण इकडे. संथा घेऊ," आप्पा म्हणाले.

संथा म्हणजे गुरुजींनी एकदा सांगायचं, शिष्यानं दोनदा म्हणायचं. नियम मी वाचून दाखवला: आधी हॅव किंवा हॅज, मग क्रियापदाचं तिसरं रूप, घडून गेलेल्या पण आजशी नातं असलेल्या गोष्टीसाठी. वाक्यं देवनागरीत लिहून दिली. मग रोज सकाळी, खाली नावाडी गिऱ्हाइकांना हाका मारत असताना, वर आमचं चाले. आय हॅव सीन. शी हॅज डन. अगदी ऋचेचे स्वर लावून, मान खालीवर करत.

दुसऱ्या खेपेला मी प्रत्येक उत्तर दोनदा दिलं, तेही मान हलवत. बाईंनी काळजीनं विचारलं, "आर यू ऑलराइट?" मी म्हटलं, "आय हॅव प्रॅक्टिस्ड. आय हॅव प्रॅक्टिस्ड." त्या हसल्या. पास झाल्याचं कळलं तेव्हा मी जिन्यातच बसून पोटभर रडले. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

आता लीड्समध्ये हीटिंग, बसचा पास, कचऱ्याचे रंगीत डबे, सगळं अंगवळणी पडलंय. इंग्रजी बोलताना मान हलत नाही. आप्पांना एकटं टाकून आले, ही बोचणी मात्र बरेच दिवस होती. ती गेली रविवारच्या फोनमुळे.

"जेवलीस का?" हे आमच्या घरी आई विचारायची. आप्पांनी मराठीत ते कधीच विचारलं नाही. आता मात्र गंगेचं पाणी किती चढलं, शेजारी कोण आजारी, हे सांगून झालं की ते घसा साफ करतात आणि त्याच सुरात विचारतात, "हॅव यू ईटन?"

तेवढं ऐकलं की मी घरी असते. जेवलेली नसले तर आधी एक घास तोंडात घालते, आणि मग मान हलवत सांगते, "आय हॅव ईटन, आप्पा. आय हॅव ईटन."