काकूचं पोट
जुन्या पेटीत परवा आमच्या संघटनेचं एक पिवळं पडलेलं पत्रक सापडलं. त्यावर ढेरपोट्या शेठचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, 'दुसऱ्याच्या घामावर सुटलेलं पोट'. असल्या पत्रकांवरच मी वाढलो, म्हणून दोन हजार सालच्या आसपास सापगावजवळच्या आमच्या पाड्यात शेजारच्या काकूवर कामचुकारपणाचा पहिला संशय मीच घेतला. भातलावणीला आमच्याकडे सावड असते, म्हणजे आज सगळ्यांनी एकीच्या शेतात राबायचं, उद्या दुसरीच्या. काकू चार दिवस फिरकली नाही. परसाकडला रक्त पडतं म्हणायची, पण पोट तर सुटत चाललेलं. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायांना मी बांधावरून म्हणालो, "जी येत नाय, तिच्याकडं आपन पन जायचं नाय." मग तिचं खोटं पकडायला तिच्याबरोबर शहापूरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला तिचे काटकुळे दंड दाखवले. "आतड्यांना जखमा आहेत हिच्या. पोटावर जाऊ नका. ही चरबी आत, आतड्यांभोवती साठते आणि सूज आणखी भडकवते, असा आम्हाला संशय आहे." संध्याकाळी मी हे बायांना सांगितलं. एकजण रोपाची जुडी बांधत म्हणाली, "काल तूच बोल्लास ना रे? आज काकूनं कोंबडी खिलवली का काय?" बाकीच्या हसल्या. दुसऱ्या दिवशी काकूच्या शेतात मी एकटाच उतरलो. तिचं निम्मं रोप लावणीविना राबातच, म्हणजे पेरलेल्या वाफ्यातच, जून झालं. आजही सभेत माझं बोलणं लोकांना चटकन पटतं, आणि मला त्याचीच भीती वाटते.